आठवा नंबर? निकालात तर नावच नव्हतं!

रोव्हर-बीआरएम या ब्रिटिश रेसिंग गाडीवरच्या लेखातलं, तिने १९६३च्या ल मांमध्ये (फ्रान्समधली २४ तासांची मोटार शर्यत) 'आठवा क्रमांक पटकावला' हे वाक्य खटकलं. अहो, ती स्पर्धेत धरलीच कुठे होती? नेहमीच्या इंजिनाऐवजी जेट विमानासारखं गॅस टर्बाइन म्हणून प्रायोगिक ठरवली, '००' नंबर दिला आणि इतरांच्या ३० सेकंद मागून सोडली. ग्रॅहम हिल आणि रिची गिंथर या चालकांच्या जोडीने २४ तास पूर्ण केले, पण आठवा हा नुसता कापलेल्या अंतराचा हिशेब.

खरा क्रमांक १९६५चा, दहावा. तोही टर्बाइनची पाती दुखावलेली असताना! हिल आणि जॅकी स्टुअर्टने तापमानाच्या काट्यावर डोळा ठेवून गाडी जपत आणली. त्यावर लेखात एक ओळही नाही? इंग्लंडमधल्या गेडनच्या मोटार संग्रहालयात पाहिली मी ती, जेमतेम कमरेएवढी. पाय निघेना तिथून.