फ्लोरेन्स शेलिंग यांच्या नियुक्तीविषयी खुलासा

स्वित्झर्लंडच्या माजी आइस हॉकी गोलरक्षक फ्लोरेन्स शेलिंग या एनएचएलमधील (उत्तर अमेरिकेतील ‘नॅशनल हॉकी लीग’) पुरुष संघाच्या व्यवस्थापक झाल्या होत्या, असा मजकूर सध्या फिरत आहे; तो चुकीचा आहे. एप्रिल २०२० मध्ये त्यांच्याकडे संघाची सूत्रे सोपवणारा एससी बर्न हा क्लब स्वित्झर्लंडमधलाच असून तो तिथल्या ‘नॅशनल लीग’मध्ये खेळतो. ‘नॅशनल हॉकी लीग’च्या आणि या नावात एकाच शब्दाचा फरक असल्याने बहुधा हा गोंधळ झाला असावा.

शेलिंग परदेशात खेळल्या, हे मात्र खरे. बोस्टनचे नॉर्थईस्टर्न विद्यापीठ, कॅनडातील ब्रॅम्प्टन आणि कारकिर्दीच्या अखेरीस स्वीडनमधील लिनशेपिंग या संघांसाठी त्यांनी गोलरक्षण केले. २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये ०-२ अशा पिछाडीवरून स्वीडनला ४-३ ने हरवून कांस्यपदक मिळवणाऱ्या स्विस संघाच्या गोलजाळ्यासमोर त्याच उभ्या होत्या आणि स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मानही त्यांनाच मिळाला.

अव्वल दर्जाच्या व्यावसायिक पुरुष आइस हॉकी संघात व्यवस्थापकपदाची जबाबदारी सांभाळणाऱ्या त्या पहिल्या महिला मानल्या जातात. हा मान त्यांना मायदेशातल्या क्लबने दिला, म्हणून त्याचे श्रेय अमेरिकेच्या खात्यावर टाकणे त्या क्लबवर अन्यायाचे आहे.