रुग्णाला न विचारता त्याचं ध्येय कसं ठरवावं

पुनर्वसनाची, म्हणजे आजारानंतर पुन्हा हिंडतंफिरतं करण्याची, ध्येयं रुग्णाच्या सहभागाने ठरवावीत, असं हल्ली फॉर्मवरच छापलेलं असतं. घाबरू नका. सहभाग म्हणजे सही.

वेळ नीट साधा. राउंडला खाटेभोवती सहा-सात जण उभे असताना पायथ्याकडून विचारा, "काय आजी, चालायचं ना?" एवढ्या माणसांपुढे आजी नाही कशाला म्हणतील? लगेच लिहा : 'रुग्ण तीन आठवड्यांत वॉकर घेऊन 50 मीटर स्वतंत्रपणे चालेल.' मोजता येतं, मुदत आहे, तपासणीला येणारे साहेब खूश. आजींना जायचंय कुठे, त्याला फॉर्मवर जागा नाही.

मात्र स्टूल ओढून बसलात आणि "घरी गेल्यावर पहिलं काय करायचंय?" असं विचारलंत, तर मेलात. मग कळतं की घर रस्त्याच्या खाली वहाळाच्या अंगाला आहे. मध्ये जांभ्याची पाखाडी, कठडा नाही, एक पायरी वीतभर तर पुढची गुडघ्याएवढी, आणि आषाढात वर शेवाळ. वॉकरचे चारही पाय टेकायला हवेत, इथे दोनच टेकतात. म्हणजे काठी आली. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, आणि आधाराचा माणूस दोन्ही वेळा खालच्या बाजूला. हे सगळं सुनेला शिकवा, वर एका अंगाला बांबू बांधून घ्यायला सांगा. एवढा उपद्व्याप कोणी सांगितलाय? आपल्या जिन्याला दोन्हीकडे स्टीलचा कठडा आहे. चार पायऱ्या चढवा आणि रुग्ण रोजची कामं स्वतः किती करतो ते मोजणाऱ्या बार्थेलच्या तक्त्यात जिन्याचे पूर्ण 10 गुण देऊन मोकळे व्हा. तो तक्ता 1965 पासून चालतोय, त्यात पाखाडीचा रकाना नाही.

खुब्याचा गोळा बदललेल्या काकींना आडोळीवर, म्हणजे जमिनीवरच्या विळीवर, बसून बांगडे कापायचे असतात. "खुबा नव्वद अंशांपलीकडे वाकवायचा नाही," एवढं बजावून पुढच्या खाटेकडे वळा. ओट्याला स्क्रूने आवळायची विळी मिळते, उंच स्टुलावर बसून तिच्यावर मासे कापता येतात, हे बोलू नका. लगेच स्टुलाची उंची विचारतील आणि ती गुडघ्यापेक्षा वर हवी हे समजावण्यात तुमचा चहा जाईल.

खलाशाच्या बोटांसाठी भोकांत खुंट्या खोचायचा पेगबोर्ड आहेच. "जाळं सांधायचंय" म्हणाला तर कानाडोळा करा. जाळ्याची सुई आणि फाटका तुकडा हातात दिलात तर संध्याकाळपर्यंत सोडायचा नाही. मग खुंट्यांचा आकडा कोण भरणार?

मापनाचं म्हणाल, तर कॅनडातून आलेली एक पद्धत आहे. तिच्यात अडणाऱ्या पाच गोष्टी रुग्णच निवडतो आणि दहापैकी गुणही तोच देतो. तिच्या वाटेला जाऊ नये. त्यापेक्षा उणे 2 ते अधिक 2 ची ध्येयपट्टी सोयीची. शून्य म्हणजे अपेक्षित पातळी. आजची अवस्था उणे बाजूला मांडायची असते, तुम्ही ती शून्यावर मांडा. कोणी खाटेवरून हललं नाही तरी ध्येय साध्य.

'कुटुंबाची अपेक्षा' या रकान्यासाठी मुंबईच्या मुलाला फोन लावा. "गणपतीपर्यंत आई पहिल्यासारखी व्हायला हवी," असं तो म्हणेल. जसंच्या तसं उतरवा. आई शेजारीच जागी आहे, पण फोन तिच्याकडे दिलात तर "माका घराक जावचा आसा" यापलीकडे काही लिहिण्यासारखं मिळायचं नाही.

पक्षाघाताने उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेली असेल, तर काम फारच सोपं. बोलता येत नसलं तरी पुष्कळदा समजत असतं, हे विसरा. विहीर, चूल, देव्हारा, अंगण अशी चित्रं समोर धरून डाव्या हाताने बोट ठेवायला सांगता येतं, पण तो तक्ता कपाटात आहे आणि किल्ली सिस्टरकडे. सरळ मोठ्याने ओरडून ध्येयं वाचून दाखवा. सहीच्या जागी लुळा हात आपणच उचलून अंगठा उठवा, दुसऱ्या ध्येयातली पॅसिव्ह, म्हणजे दुसऱ्याने करून दिलेली, हालचालही त्यातच उरकते.