गाडी गावाबाहेर, गाव पायी

रेवस–रेडी सागरी महामार्गाच्या एखाद्या पुलाची बातमी आली की समाजमाध्यमांवर दोन तट पडतात. एक म्हणतो, पूल झाले की कोकणात पैसा येईल. दुसरा म्हणतो, पैसा नाही, प्लास्टिक येईल. गंमत म्हणजे दोघेही पुरावा म्हणून इटलीतल्या चिंक्वे तेर्रेचे फोटो टाकतात: कड्यावर चिकटलेली रंगीत घरं आणि खाली निळा समुद्र. इथे इटलीत राहून हे वाचताना एकच सांगावंसं वाटतं. त्या फोटोत गाडी कुठे दिसते का, ते बघा.

चिंक्वे तेर्रे म्हणजे मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निलिया, मानारोला आणि रिओमाज्जोरे अशी ही पाच गावं. जेनोव्हा ते ला स्पेत्सिया रेल्वे 1874 मध्ये पूर्ण झाली तेव्हा ही गावं जगाशी जोडली गेली. मोटाररस्ता खूप नंतर आला, तोही डोंगराच्या वरच्या अंगाने. आजही बहुतेक गावांत बाहेरच्या माणसाची गाडी वरच अडते आणि वरचं पार्किंग मोजकं नि महाग असतं. म्हणून शहाणा माणूस गाडी या गावांच्या दोन टोकांना असलेल्या ला स्पेत्सियाला किंवा लेवांतोला ठेवतो आणि तिथून लोकल पकडतो. दोन गावांमधलं अंतर लोकलने दोन ते चार मिनिटांचं, आणि तेही बहुतेक बोगद्यातून. समुद्र बघायचा तर चालावंच लागतं.

दोघांनी एका दिवसात हे करायचं तर ते उत्तरेकडून करावं. सकाळी आठच्या सुमारास मोंतेरोस्सोला उतरायचं आणि वेर्नात्साची वाट धरायची. ही वाट जेमतेम साडेतीन किलोमीटरची असली तरी दोन तास खाते, कारण सुरुवातीलाच उंच दगडी पायऱ्या आहेत आणि काही ठिकाणी समोरून माणूस आला तर एकाला भिंतीला टेकून उभं राहावं लागतं. दहानंतर निघालात तर डोक्यावर ऊन आणि समोर रांग. गर्दीच्या ठरावीक दिवशी ही वाट एकेरी करतात, म्हणून दिशा आदल्या दिवशी तपासावी. वेर्नात्सा ते कोर्निलिया हा पुढचा टप्पा सुमारे चार किलोमीटरचा, दीड तासाचा. एकाचे गुडघे कुरकुरत असतील तर त्याने किंवा तिने सरळ लोकलने पुढे जावं आणि चौकात कॉफी घेत बसावं. दुसरा चालत येईल. यात रुसण्यासारखं काही नाही.

कोर्निलिया एकटंच समुद्रापासून शंभरेक मीटर वर आहे. स्थानकापासून गावात जायला पावणेचारशेच्या आसपास पायऱ्या आहेत, नाहीतर छोटी बस आहे. बस भरलेली असते. दुपारी दोन वाजता पायऱ्या चढणं ही हौस नव्हे, शिक्षा. कोर्निलियाहून मानारोलाला किनाऱ्यालगतची वाट बंद आहे. वरून व्होलास्त्रा नावाच्या वाडीमार्गे जाणारी खुली आहे, ती फुकट आहे, आणि द्राक्षमळ्यांमधून जाते. अडीच-तीन तास हाताशी असतील तरच घ्या. मानारोला ते रिओमाज्जोरे हा सपाट प्रेममार्ग 2012 मध्ये दरड कोसळून माणसं जखमी झाल्यावर बंद झाला, तो 2024 मध्ये उघडला. त्याला वेगळं तिकीट आणि आधी वेळ ठरवून नोंदणी लागते.

रेल्वे आणि वाटा दोन्ही चालणारं एका दिवसाचं कार्ड असतं. त्याचा भाव हंगामाप्रमाणे बदलतो. किनाऱ्यालगतची वाट चालणार आणि तीन-चारदा लोकलमध्ये चढणार असाल तर ते परवडतं; एरवी सुटं तिकीट. कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात ठोकल्याशिवाय चढू नका, दंड होतो आणि 'माहीत नव्हतं' हे कुणी ऐकत नाही. फलाटावर गावाचं नाव शोधू नका, गाडीचं शेवटचं स्थानक बघा: ला स्पेत्सिया की लेवांतो. इंटरसिटी मोंतेरोस्सोला थांबते, मधल्या गावांना शिट्टी मारून जाते. वेर्नात्सा आणि रिओमाज्जोरे इथे फलाटाचा काही भाग बोगद्यात आहे. दार अंधारात उघडलं म्हणून बसून राहिलात तर पुढच्या गावी जाल. संपाच्या दिवशी कामाच्या वारी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ ठरावीक गाड्या धावतात, मधली दुपार अडकते. तेव्हा बोट आहे, पण कोर्निलियाला धक्का नाही.

पायात बूट हवेत. चपला घालून या वाटांवर गेल्यास दंडाचा नियम आहे. पावसाचा इशारा आला की तिकिटाच्या वाटा बंद होतात, आणि त्यावर कुणी हुज्जत घालत नाही. शाकाहारी माणसाला फोकाच्चा हा चपटा पाव आणि फारिनाता पुरतात. फारिनाता म्हणजे हरभऱ्याच्या पिठाचं, जाड धिरड्यासारखं. पेस्तो या तुळशीच्या चटणीत मात्र चीज असतं, ते न खाणाऱ्याने लक्षात ठेवावं.

आता कोकणाकडे. रेल्वे तिथेही आहे, पण ती आतून जाते. गुहागरला जायचं तर चिपळूण, गणपतीपुळ्याला रत्नागिरी, मालवणला कुडाळ किंवा सिंधुदुर्ग. पुढे एसटी नाहीतर रिक्षा. म्हणून 'आपल्याकडे पण ट्रेनने' ही नक्कल जमणार नाही. जमण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ, वेसवी–बागमांडला इथे फेरीबोटी गाड्या नेतात. एका फेरीत किती गाड्या बसतात हे डेकने ठरवलेलं आहे, कुठल्याही समितीने नाही. पूल झाला की ती चाळणी जाते. पूल नकोत असं माझं म्हणणं नाही; आजारी माणसाला दवाखान्यात न्यायला रात्री फेरी नसते, हे किनाऱ्यावर राहणाऱ्याला सांगायला नको. पण पुलासोबत गाव सुरू होण्याआधीचं पार्किंग आणि तिथून मिनीबस हे त्याच निविदेत असायला हवं. वाळूत रुतलेल्या मोटारी ओढायला ट्रॅक्टर बोलावणं म्हणजे पर्यटन नव्हे.

दुसरी गोष्ट कमी बोलली जाते. चिंक्वे तेर्रेचा डोंगर टिकतो तो गडग्यांवर. चुना-सिमेंट न घालता रचलेल्या दगडी भिंतींच्या पायऱ्या. त्यांच्या फटींतून पाणी पाझरतं म्हणून भिंत उभी राहते. पोरं शहरात गेली, द्राक्षं पडीक झाली, की एखादा दगड फुगतो, मागे पाणी तुंबतं आणि भिंत मातीसकट खाली येते. 25 ऑक्टोबर 2011 च्या पावसात वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो चिखलात गाडले गेले, त्यात पडीक उतारांचाही वाटा होता. पर्यटकाचं तिकीट घेऊन वाट दुरुस्त करता येते, गडगा बांधणारा माणूस घडवता येत नाही. पाच गावांत मिळून चार हजारांहूनही कमी रहिवासी उरलेत, आणि घरं भाड्याने देणं द्राक्षांपेक्षा फायद्याचं आहे. ही बाजू फोटोत येत नाही आणि इटलीचं कौतुक करणाऱ्यांनाही ऐकायची नसते.

तिकिटाच्या बाबतीत तरी आपण कोरे नाही. कास पठारावर आधी नोंदणी आणि रोजची मर्यादा आहेच, आणि त्यावरही दरवर्षी कुरकुर होते. चिंक्वे तेर्रेत लोकलचं तिकीट पर्यटकाला गर्दीच्या दिवशी महाग पडतं, पण लिगुरियाच्या, म्हणजे याच प्रांताच्या, रहिवाशाला सवलत असते. कोकणात प्रवेशशुल्काची चर्चा निघते तेव्हा स्थानिकाचा दर सर्वात शेवटी, तोही ओरड झाल्यावर ठरतो. तो मसुद्याच्या पहिल्या ओळीत हवा, आणि जमा झालेल्या पैशांतला किती ग्रामपंचायतीकडे जाईल हे दुसऱ्या ओळीत.