पूर्ण म्हणू द्या

आज १८ जुलै, शाहीर अण्णाभाऊ साठ्यांचा स्मृतिदिन. बेळगावात एका कार्यक्रमाला गेले होते. तिथून आल्यापासून डोकं ठिकाणावर नाही. लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही, म्हणून लिहितेय. लांबेल, सांभाळून घ्या.

एका म्हाताऱ्या शाहिराला बोलावलं होतं. सत्तरीच्या पुढचे असतील. झील धरायला नातू. पावसाळी हवेत डफ उतरतो म्हणून आजोबांनी तो शेकून, टॉवेलात गुंडाळून आणला होता. त्यांनी अण्णाभाऊंची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड, म्हणजे लावणीच्या चालीचं गाणं, उचलली. आवाज थरथरत होता, पण सूर पक्का. पहिलं कडवं पुरतं संपलंही नाही, तोवर आयोजकांतला एक जण माईकजवळ वाकला आणि म्हणाला, "आजोबा, शेवटचं तेवढं घ्या. बेळगाव येतं ते. पाहुण्यांना निघायचंय."

मी उठून म्हटलं, "पूर्ण म्हणू द्या की त्यांना!" उत्तर आलं, "ताई, वेळ नाही."

आजोबांनी शेवटच्या ओळी म्हटल्या. बेळगाव आलं, कारवार आलं, टाळ्या पडल्या, घोषणा झाल्या. मग पाहुणे तब्बल पाऊण तास बोलले. पाऊण तास! तेव्हा कुणाला कुठं निघायचं नव्हतं.

माझी आत्या खानापूर तालुक्यातली. तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, लालबागच्या गिरणीत होते. गणपतीला यायचे, शिमग्याला जमलं तर यायचे. बाकी वर्षभर मनीऑर्डर. ही छक्कड मामांनीच मुंबईहून आणली. गिरणगावात चौकात ऐकून ऐकून त्यांना पाठ झाली होती. आत्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तिनं ती अख्खी उचलली. याच दिवसांत, भाताच्या लावणीला, गुडघाभर चिखलात, डोक्यावर खोळ घेऊन बायका ओळीनं रोप लावायच्या आणि आत्या म्हणायची. आम्ही पोरं बांधावर बसून ऐकायचो.

तिला विचारलं होतं, यातलं तुला काय आवडतं? म्हणाली, "पहाटे भाकरी बांधून देत्यात ना, ते."

ते कडवं ज्यांनी ऐकलंय त्यांना कळेल. माणूस मुंबईला निघालाय, गरिबीनं निघालाय. भल्या पहाटे भाकरतुकडा बांधून बायको त्याला गावदरीपर्यंत घालवायला येते. तिथं तिचा धीर सुटतो. तिला हसवायला म्हणून तो दागिन्यांची वचनं देतो. आत्या इथवर आली की हात चालूच, पण आवाज बसायचा. लावणीला तिच्या शेजारी दोन कानडी बायका असायच्या. एकीचा नवरा गोव्याला कामाला. तिला आत्या गाण्याचा अर्थ कानडीतून सांगायची. ती बाई ऐकून काही बोलायची नाही, नुसती मान हलवायची.

आता मला सांगा, हे सगळं कापून 'बेळगाव येतं ते' तेवढं घ्यायचं? अरे, अण्णाभाऊंनी ते बेळगाव तिथं कसं आणलंय ते तरी बघा! गावाकडं मैना आहे आणि तिची भेट नाही. तुटलेल्या महाराष्ट्राचीही तीच गत, असं म्हणून तो माणूस बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही महाराष्ट्राबाहेर राहिलेली नावं घेतो. आधी गावदरीची ती ताटातूट काळजात उतरली पाहिजे, मग सीमेची ओळ लागते. ताटातूटच काढून टाकलीत तर गावांची यादी उरते. यादीला टाळ्या मिळतात, पण ती यादी पुढच्या पिढीला शेतात म्हणावीशी वाटणार नाही.

कुणी म्हणेल, हिला सीमाप्रश्नाचं काही नाही. बाबांनो, १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन करायला मीही जाते. १ नोव्हेंबरला, काळ्या दिनाला, काळी फीत माझ्याही दंडावर असते. २००४ पासून सुप्रीम कोर्टात महाराष्ट्राचा दावा आहे, त्याची वाट माझ्याही घरात बघितली जाते. आज घोषणा झाल्या तेव्हा मीही हात वर केला, कारण ती मागणी माझी आहे. म्हणूनच तर चीड येते. ज्या माणसानं आपलं दुखणं सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडी दिलं, त्याला पूर्ण ऐकायला आपल्याला वेळ नाही?

आणि हे एकट्या आजच्या आयोजकांचं नाही. सगळ्यांनी अण्णाभाऊंचे वाटे घातलेत. कुणाला फक्त संयुक्त महाराष्ट्राचे अण्णाभाऊ पाहिजेत, त्यांना लाल बावटा, म्हणजे त्यांचं कम्युनिस्ट असणं, अडचणीचं वाटतं. पण १९४४ साली शाहीर अमर शेख आणि शाहीर गव्हाणकर यांच्याबरोबर उभं केलेलं कलापथक 'लाल बावटा'च होतं. कुणाला फक्त लाल बावटा पाहिजे, ते 'फकिरा' कादंबरी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलीय हे पटकन ओलांडून जातात. कुणी त्यांना एका समाजापुरतं ठेवतात आणि बाकीचे, तो त्यांचा कार्यक्रम, म्हणून घरी बसतात. याचा मला सगळ्यांत जास्त राग आहे. वाटेगावचा, दीड दिवस शाळेत गेलेला माणूस स्टालिनग्राडचा पोवाडा लिहितो, बंगालच्या दुष्काळावर लिहितो, तेलंगणाच्या लढ्यावर लिहितो. त्याला जगातलं कुणी परकं नव्हतं, आणि आपण त्याला गल्लीत बसवलाय!

जयंतीला बॅनरवर त्यांचा फोटो कोपऱ्यात आणि नेत्यांची तोंडं हाताएवढी. रात्री डीजे. शाहिराच्या जयंतीला डफ नाही!

बरं, निदान बॅनरमुळं पोरांना नाव तरी ठाऊक आहे, हे मान्य. २००२ साली टपाल तिकीट निघालं, २०२२ साली मॉस्कोत पुतळा बसला, त्याचा मलाही आनंदच झाला. कार्यक्रम ठरवणाऱ्यांनाही परवानगीपासून खुर्च्यांपर्यंत काय काय बघावं लागतं ते मी बघितलंय. पण त्या म्हाताऱ्या माणसाला अर्ध्यात थांबवायला नको होतं. नकोच होतं.

१९६९ चा पावसाळा फार वाईट गेला म्हणायचा. १८ जुलैला अण्णाभाऊ गेले, वय अठ्ठेचाळीस. ऑगस्ट संपायच्या आत अमर शेख अपघातात गेले. एका पावसाळ्यात दोघंही. मामा तेव्हा मुंबईतच होते. त्या गणपतीला गावी आले तेव्हा त्यांनी छक्कड म्हटलीच नाही, असं आत्या सांगायची. तिनं आग्रह केला तर म्हणाले, "तू म्हण, मी ऐकतो." मग तिनं रात्री पडवीत सबंध म्हटली, त्यांच्यासाठी. गाणाऱ्याला आठवायचं म्हणजे एवढंच असतं की हो. त्याचं गाणं म्हणायचं आणि कुणीतरी बसून ऐकायचं.

१९८२ च्या गिरणी संपानंतर मामा कायमचे परत आले. दागिने काही झाले नाहीत. आत्या त्यावरून त्यांना चिडवायची आणि मामा हसायचे, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आता दोघंही नाहीत. आणि तिच्या आवाजातली एक ओळसुद्धा आमच्यापाशी नाही. तेव्हा घरात टेपरेकॉर्डर कुठला?

कार्यक्रम संपल्यावर त्या आजोबांना मंडपाबाहेर गाठलं. डफ पिशवीत घालत होते. म्हटलं, तुमच्याकडून पूर्ण ऐकायचीय. म्हणाले, "ऐकणारं पाहिजे, मी कवाबी म्हणतो." त्यांना १ ऑगस्टला, अण्णाभाऊंच्या जयंतीला, घरी बोलावलंय, नातवासकट. पोर्चमध्ये सतरंज्या घालतेय. भाषण नाही, सत्कार नाही, माईक नाही. 'माझी मैना' पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि त्यांना आठवतील ते पोवाडे. कानडी शेजाऱ्यांनाही सांगितलंय, ते येतो म्हणालेत. तुम्हाला यायचं असेल तर मेसेज करा, पत्ता पाठवते. आणि ज्यांच्या घरी कुणी म्हातारं माणूस अजून ही छक्कड सबंध म्हणत असेल, त्यांनी त्यांना विचारून फोनवर रेकॉर्ड करा. मध्ये खोकला आला, ओळ चुकली, तरी थांबवू नका.