सर्वपित्रीला वही उघडली तर बिघडलं काय?

माझी भाची पुण्यात शाळेत चित्रकला शिकवते. गेल्या सर्वपित्री अमावास्येला तिने सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये पंधरावीस जणांना बोलावलं. येताना प्रत्येकाने आपल्या गेलेल्या माणसाची एखादी वस्तू आणायची. चष्मा, अडकित्ता, पासबुक, काहीही. ती समोर ठेवून चित्र काढायचं किंवा त्या माणसाला पत्र लिहायचं. वाटलं तर वाचायचं, नाहीतर घडी घालून पिशवीत टाकायचं. शेवटी खीर आणि आमसुलाचं सार. बस, एवढंच.

कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला, तो आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आला आणि दोन दिवस तिथे नुसता धुरळा उडाला. एका काकांनी लिहिलं, "हे हॅलोविनचं खूळ आपल्याकडे कशाला?" उलट बाजूने माझ्या मावसभावाने, जो जन्मभर अंधश्रद्धेविरुद्ध काम करत आला आहे, लिहिलं की श्राद्धाचं कर्मकांड आम्ही कष्टाने घराबाहेर काढलं, आता तू त्याला मानसशास्त्राचा मुलामा देऊन परत आत आणते आहेस. पोरीने दोघांनाही उत्तर दिलं नाही. मी तिची बाजू घेतली, तेव्हा दोन्ही पक्षांचं एका गोष्टीवर मात्र एकमत झालं, की मी तिकडे बसून बोलू नये.

मी इथे बसूनच बोलणार आहे. या एका विषयात तरी इथे बसल्यामुळेच मला काही कळलं आहे.

मी आयर्लंडमध्ये, काउंटी मीथमधल्या नॅवनला राहते. ज्या हॅलोविनला काका अमेरिकेचं खूळ समजतात, त्याचं मूळ याच मातीत आहे. 31 ऑक्टोबरची रात्र म्हणजे साउइन. सुगी संपली, उन्हाळी कुरणांवरची गुरं खाली आली, आता अंधाराचे महिने सुरू, आणि त्या सांध्यावर मेलेली माणसं घराकडे फिरकतात असा जुना समज. आयरिश लोक एकोणिसाव्या शतकात पोटासाठी जहाजात बसून अमेरिकेला गेले आणि हा सण बरोबर घेऊन गेले. तिथे त्यांना कंदील कोरायला भोपळा मिळाला. इथे सलगम कोरायचे. कॅसलबारच्या म्युझियममध्ये सलगमाच्या जुन्या कंदिलाचा साचा ठेवला आहे, त्याचा चेहरा बघून आजही अंगावर काटा येतो. तेव्हा 'पाश्चात्य' म्हणून ज्याला हिणवलं जातं, ते गरीब, शेतकरी, देशोधडीला लागलेल्या लोकांचं पितरांचं स्मरण आहे. आपल्या सर्वपित्रीशी त्याचं जवळचं नातं आहे, आणि ते मला आवडतं.

नॅवनहून अथबॉय जवळ. अथबॉयच्या बाहेर त्लाख्टगा नावाची टेकडी आहे, नकाशावर हिल ऑफ वॉर्ड. वरती चार कडी असलेली मातीची वर्तुळाकार तटबंदी, एरवी तिथे मेंढ्या चरतात. सतराव्या शतकातला इतिहासकार जेफ्री कीटिंग लिहून गेला की साउइनच्या रात्री घराघरांतल्या चुली विझवायच्या आणि या टेकडीवर पेटवलेल्या अग्नीवरून त्या पुन्हा शिलगावायच्या. हल्ली त्या रात्री अथबॉयच्या फेअर ग्रीनवर लोक जमतात आणि मशाली घेऊन टेकडीकडे निघतात. मला पहिल्यांदा नेलं माझ्या शेजारणीने. सत्तरी उलटलेली बाई, रविवारची चर्चमधली प्रार्थना न चुकवणारी. तिने मला हातात मशाल दिली, कागदाची चिठ्ठी दिली आणि म्हणाली, या वर्षात जे मागे टाकायचं असेल ते लिही, वर गेल्यावर आगीत घालू. मी बाबांचं नाव लिहिलं. मागे टाकायला नव्हे, दुसरं काही सुचेना म्हणून. देवनागरीत लिहिलं. तिने ते वाचायचा प्रयत्नही केला नाही, फक्त वारा आडवायला हात धरला.

आता मावसभावाचा दुसरा मुद्दा. हे सगळं जुनं नाही, मुद्दाम बनवलेलं आहे, असं तो म्हणतो. बरोबर आहे. आठ सणांचं जे 'वर्षचक्र' आज जगभरचे पेगन, म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीच्या निसर्गपूजेकडे वळलेले लोक पाळतात, ते 1950 च्या दशकात इंग्लंडमध्ये जेराल्ड गार्डनर आणि रॉस निकल्स यांच्या मंडळींनी जुळवलं. शरद संपाताला, म्हणजे सप्टेंबरात दिवस-रात्र सारखे होतात त्या सणाला, 'मेबन' हे नाव तर 1970 च्या दशकात एडन केली नावाच्या अमेरिकनाने दिलं. आयर्लंडचे साउइन, इम्बोल्क, ब्याल्टना आणि लूनसा हे चार सण मध्ययुगीन आयरिश लिखाणात सापडतात, पण त्यांच्याभोवती आज जी वही, रंग, मेणबत्त्या आणि स्वतःला विचारायचे प्रश्न आले आहेत, ते अलीकडचे. मग? सार्वजनिक गणेशोत्सवाला टिळकांनी 1893 मध्ये बळ दिलं. नवरात्रातले नऊ रंग तर एका मराठी दैनिकाने या शतकात रुजवले, आणि आज लोकलच्या डब्यात त्या त्या रंगाची साडी न नेसलेली बाई स्वतःहून खुलासा करते. परंपरा कुणीतरी, कधीतरी सुरू केलेलीच असते. ती माणसाच्या उपयोगी पडते का, एवढंच विचारण्यासारखं.

न्यूग्रेंजचं सांगते. इसवी सनापूर्वी सुमारे 3200 मध्ये बांधलेलं ते दगडी थडगं. दारावरच्या झरोक्यातून 21 डिसेंबरच्या आसपासच्या पहाटे सूर्याचा किरण एकोणीस मीटरच्या बोळातून आतल्या खोलीपर्यंत जातो, सतरा मिनिटं तिथे थांबतो. तिथलं उत्खनन करणाऱ्या प्रोफेसर मायकेल ओ'केली यांनी 1967 मध्ये तो आत बसून पाहिला. त्या पहाटे आत जायला सोडत निघते, मी नाव घालत राहते, अजून लागलेलं नाही. बाकी वर्षभर गाइड आपल्याला आत नेते, दिवे घालवते आणि बल्ब लावून तो किरण कसा येतो ते दाखवते. बल्ब आहे हे सगळ्यांना माहीत असतं. तरी त्या मिट्ट काळोखात जमिनीवरून ती पिवळी रेघ सरकत पायाशी आली की माणसं रडतात. मी रडले आहे. माझ्या शेजारी उभा असलेला धिप्पाड ट्रकवाला रडला. खरा सूर्य नाही म्हणून आमचं रडणं खोटं ठरत नाही. मावसभावाला मी हे लिहून पाठवलं, त्याने अंगठा दाखवणारं चित्र टाकलं आणि विषय बदलला.

इम्बोल्कला, म्हणजे 1 फेब्रुवारीला, आमच्या कम्युनिटी सेंटरमध्ये ब्रिजिडचे क्रॉस विणतात. ही ब्रिजिड आधी देवी, मग संत, आणि इथल्या बायकांना त्यात काही अडचण वाटत नाही. ओढ्याकाठचे लव्हाळे कापायचे नाहीत, उपटायचे. एक काडी उभी धरायची, दुसरी तिच्यावर दुमडायची, पाव वळसा द्यायचा, तिसरी दुमडायची, पुन्हा वळसा. मध्ये चौकोन तयार होत जातो. लव्हाळा ओला असतो, बोटांना चिखलाचा वास लागतो, आणि अंगठा जरा सैल सोडला की सगळं उसवतं. त्यामुळे मान खाली, नजर हातावर. अशा वेळी कार्यक्रम घेणारी हळूच विचारते, या हिवाळ्यात काय सोसलं? कुणाला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, म्हणून बायका बोलतात. एकदा एक म्हातारी विणता विणता म्हणाली, माझ्या बाळाला नाव ठेवायच्या आत ते गेलं, बाप्तिस्मा झाला नव्हता म्हणून चर्चच्या दफनभूमीत जागा दिली नाही. अशी बाळं गावाबाहेर, कुंपणाच्या कडेला पुरायची इथे रीत होती, गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू होती. त्या बाईने क्रॉसच्या मधोमध एक लाल दोरा बांधला. मग आम्ही चहा प्यायलो.

ब्रिजिडचा मुलगा लढाईत पडतो आणि ती हंबरडा फोडते, आयर्लंडमध्ये ऐकू आलेला तो पहिला विलाप, असं जुन्या आयरिश कथेत आहे. देवीच्या नावावर रडणं जमा आहे! 2023 पासून तिच्या नावाने देशभर बँक हॉलिडे असतो. देवी की संत, कॅथलिक की पेगन, यावरून मी तरी टीव्हीवर भांडण पाहिलं नाही. आपल्याकडे असा निर्णय झाला असता तर महिनाभर चर्चासत्रं रंगली असती.

आणि तरी आपल्याकडे हे नव्हतं असं मुळीच नाही, हेच मला ग्रुपवर ओरडून सांगायचं होतं. पहाटे जात्यावर बसून बायका काय करत होत्या? हात फिरता ठेवून मनातलं बोलत होत्या. हेमा राइरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी गावोगाव फिरून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत आईबापाचा मृत्यू आहे, सासरचा छळ आहे, मुलगी झाली म्हणून पडलेलं तोंड आहे. भोंडल्यात फेर धरून सासूला, नणंदेला नावं ठेवायची मुभा होती, तीही ठरावीक ऋतूत, ठरावीक दिवसांत. गौरीला माहेरपण होतं. बाईला मन मोकळं करायला पंचांगाने जागा राखून ठेवली होती. भाचीने वही उघडली ती त्याच जागेवर. तिने निवडलेला दिवसही अचूक आहे. ज्यांची तिथी माहीत नाही, ज्यांचं करायला कुणी नाही, त्या सगळ्यांचा तो दिवस.

लिहिल्याने माणूस बरा होतो का, हे शास्त्रानेही तपासलं आहे. 1986 मध्ये टेक्ससमध्ये जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यांत दुखऱ्या प्रसंगाबद्दल लिहायला लावलं. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, ते पुढच्या महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा गेले. नंतरच्या अनेक अभ्यासांत हा परिणाम लहानच निघाला, पण निघाला. ज्याला झोप नाही, अन्न जात नाही, जगावंसं वाटत नाही, त्याने आधी डॉक्टर गाठावा. वही त्याच्यानंतर.

मी इतकी का चिडले, तेही सांगायला हवं. बाबा गेले तेव्हा मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तेव्हापासून पितृपक्षात त्यांच्या तिथीला भावाकडे पान वाढतात. वडे, खीर, गवारीची भाजी, अळू, कढी. मी कामावर जायला 109 नंबरच्या बसमध्ये बसलेली असते तेव्हा त्या पानाचा फोटो येतो, मागोमाग 'कावळा शिवला' असा मेसेज. मी हात जोडणारं चित्र टाकते. बाबांसाठी मी करायचं असं त्या दिवशी काही नाही. तिथे असते तरी नसतंच, मी मुलगी, लग्न झालेली, फार तर पुरण वाटलं असतं. बाबांनी मला सायकल शिकवली, माझ्या पासपोर्टच्या रांगेत ते उभे राहिले, विमानतळावर काचेला नाक लावून मी दिसेनाशी होईपर्यंत थांबले. त्यांच्यासाठी काहीतरी हाताने करायची पहिली संधी मला दिली ती एका परक्या कॅथलिक म्हातारीने, परक्या टेकडीवर.

आणि ती टेकडी माझी नाही. माझं कुणी तिथे पुरलेलं नाही. 2025 च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्ले झाले, आपल्या दूतावासाने निर्जन जागा टाळा, अवेळी फिरू नका अशी सूचना काढली, फिनिक्स पार्कमधला इंडिया डे पुढे ढकलला गेला. त्यानंतरच्या ऑक्टोबरात, अंधारात, अनोळखी माणसांच्या गर्दीत मशाल घेऊन चालायचं का, हा विचार मी आठवडाभर करत होते. नवरा जाऊ नको म्हणाला. मी गेले. वाटेत मागून कुणी मोठ्याने हसलं की मान वळत होती, आधी कधी वळली नव्हती. ग्रुपवर इथल्या मोठेपणाबद्दल लिहिताना हे मी लिहिलं नाही. काकांच्या हाती कोलीत द्यायचं नव्हतं.

त्यांना वाटतं, मी इकडची झाले म्हणून भाचीची बाजू घेते. तसं नाही. मला तिच्या त्या क्लबहाउसमध्ये बसायचं होतं, बाबांचं एचएमटी घड्याळ समोर ठेवून, मराठीत पत्र लिहायचं होतं, शेजारी कुणीतरी आपल्या आईचा अडकित्ता घेऊन बसलेलं असताना. इथे मी सगळं करते, पण बाबा कसे होते ते कुणाला सांगायचं तर आधी अर्धा तास पार्श्वभूमी सांगावी लागते. तिथे नुसतं 'एसटीत कंडक्टर होते' म्हटलं की पुरतं.

भाची यंदाही हा कार्यक्रम करणार आहे, मी व्हिडिओ कॉलवर असेन. भावालाही मी सांगितलं आहे, तिथीला पान वाढायच्या आधी मला फोन लाव, मी बाबांना लिहिलेलं वाचेन आणि ते झाल्यावर तू कावळ्याला घास ठेव. तो 'गुरुजींना विचारून बघतो' म्हणाला. मी म्हटलं, गुरुजींना नको, आईला विचार.