सैनिकांचे घटस्फोट: 80 टक्क्यांच्या दाव्यात तथ्य किती?

अमेरिकी सैन्यातील 80 टक्के विवाह मोडतात, त्याला लांबलेल्या युद्धमोहिमा कारणीभूत असतात आणि सैनिकांच्या पत्नी 10 वर्षे थांबून निम्मे निवृत्तिवेतन घेऊन वेगळ्या होतात, असा मजकूर मोबाइलवर फिरत असतो. आपल्याकडे तो मुलीसाठी फौजीचे स्थळ नको म्हणणाऱ्यांच्या हाती पुरावा म्हणून पडतो, हे मला फार अन्यायाचे वाटते.

आधी आकडा पाहू. अमेरिकी संरक्षण खात्याच्या नोंदींनुसार विवाहित सैनिकांपैकी एका वर्षात घटस्फोट झालेल्यांचे प्रमाण 2001 मध्ये 2.6 टक्के होते, 2011 मध्ये ते 3.7 टक्क्यांपर्यंत चढले आणि त्यानंतर उतरले. हा एका वर्षाचा दर आहे, आयुष्यभराचा नव्हे. त्याची तुलना 2011 च्या नागरी दराशी, म्हणजे दर हजारी 3.6 शी, करणेही चूक आहे, कारण त्या हजारांत लहान मुले आणि अविवाहितही मोजलेले असतात. वय, शिक्षण आणि वंश जुळवून तुलना केली, तेव्हा सेवेत असलेले सैनिक नागरिकांपेक्षा अधिक प्रमाणात घटस्फोटित आढळले नाहीत.

युद्धमोहिमांचा मुद्दा अधिक गुंतागुंतीचा आहे आणि तो सरसकट फेटाळता येणार नाही. रँड या संशोधन संस्थेच्या 2007 च्या अभ्यासात दीर्घ मोहिमांमुळे सेवाकाळातील विवाह अधिक मोडतात असे सर्वसाधारणपणे दिसले नव्हते. मात्र 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 4 लाख 60 हजारांहून अधिक जोडप्यांच्या नोंदींवर आधारलेल्या अभ्यासात मोहीम जितकी लांब तितकी घटस्फोटाची शक्यता अधिक, असे आढळले. त्यातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाब अशी की, 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांपूर्वी, म्हणजे युद्धाची कल्पनाही नसताना, विवाह केलेल्यांना हा ताण अधिक जाचला, तर युद्ध सुरू असताना जाणूनबुजून लग्न केलेली जोडपी तुलनेने टिकली. विरहाइतकाच त्याच्या अनपेक्षितपणाचाही वाटा असावा, असे यावरून मला वाटते. शिवाय विवाहितांना मिळणारा वाढीव घरभत्ता आणि बराकीबाहेर राहण्याची मुभा यांमुळे तेथे कोवळ्या वयात लग्ने होतात, आणि कमी वयातील लग्ने सगळीकडेच अधिक तुटतात.

निवृत्तिवेतनाचा आरोप तर कायदा न वाचताच केलेला आहे. 1982 च्या कायद्याने राज्य न्यायालयांना निवृत्तिवेतनाच्या विभागणीचा अधिकार दिला. निम्मा वाटा आपोआप मिळत नाही. 10 वर्षांची अट आहे ती वाटा लष्करी वेतन कार्यालयाकडून थेट मिळण्यापुरतीच.

या मजकुरात स्त्री सैनिकांचा उल्लेखही नाही, वास्तविक त्यांच्यातील घटस्फोटांचे प्रमाण पुरुष सैनिकांच्या दुपटीहून अधिक राहिले आहे. पती गणवेशात असला की घर सांभाळणारी पत्नी गृहीत धरली जाते; पत्नी गणवेशात असली की तसा आधार तिला क्वचितच लाभतो. आणि माजी सैनिकांचेही नाव नाही. सेवा सोडल्यानंतर हेच लोक समवयस्क नागरिकांपेक्षा अधिक प्रमाणात घटस्फोटित आढळतात. घरभत्ता, कुटुंबाचे वैद्यकीय संरक्षण आणि तुकडीतील शेजार ज्या वेळी एकदम सुटतो, नेमका तोच हा काळ असतो.