शनिवारवाड्याचे शंभर मीटर आणि लंडनची तळघरं

शनिवारवाड्याभोवतीच्या जुन्या वाड्यांचा पुनर्विकास अडला की पुण्यात तोच वाद नव्याने पेटतो. २०१० च्या कायदादुरुस्तीनुसार केंद्र-संरक्षित स्मारकापासून १०० मीटरांत नवं बांधकाम नाही, पुढच्या २०० मीटरांत परवानगीशिवाय नाही. एका बाजूला वारसा, दुसऱ्या बाजूला गळकं छप्पर आणि मध्ये मोजपट्टी. लंडनमध्ये असं सरसकट अंतर नाही. तिथे प्रश्न वेगळा असतो: खाली काय आहे ते खणून पाहिलंत का? हेही आपोआप झालेलं नाही. १९८९ मध्ये लंडनच्या सदक भागात एका ऑफिसच्या पायाच्या खोदकामात शेक्सपिअरच्या काळातलं रोझ नाट्यगृह सापडलं, लोक रस्त्यावर उतरले आणि पुढच्या वर्षी उत्खननाचा भार बांधकाम करणाऱ्यावर टाकणारं धोरण आलं.

त्याचं फळ बघायचं तर वॉलब्रुक रस्त्यावर ब्लूमबर्ग कंपनीच्या इमारतीखाली उतरा. सात मीटर खोल मिथ्र देवाचं रोमन मंदिर आहे. ते १९५४ मध्ये सापडलं, तेव्हा बघायला लाखोंची रांग लागली. मग १९६२ मध्ये ते शंभरेक मीटर दूर, रस्त्याच्या पातळीवर हलवून सिमेंटने वेडंवाकडं जोडलं. २०१७ मध्ये ते मूळ जागेजवळ, मूळ खोलीवर परत आणून ती चूक निस्तरली. नव्या इमारतीआधीच्या उत्खननात चारशेहून जास्त लाकडी लेखनपट्ट्या मिळाल्या. बुजलेल्या वॉलब्रुक ओढ्याच्या ओल्या चिखलात हवा पोचली नाही, म्हणून लाकूड टिकलं. त्यातली एक म्हणजे ८ जानेवारी, इसवी सन ५७ या तारखेची १०५ दिनारांची कर्जचिठ्ठी! थेट पोकलेन लावला असता तर ती राडारोड्याबरोबर ट्रकमध्ये गेली असती.

प्रवेश फुकट, पण वेळ ऑनलाइन ठरवून जावं, सोमवारी बंद. जुन्या मार्गदर्शिकेत मधल्या काळातला क्वीन व्हिक्टोरिया रस्त्याचा पत्ता असेल तर तो सोडा. मंदिरापासून गिल्डहॉल, म्हणजे शहराची जुनी कारभाराची इमारत, चालत दहा मिनिटांवर. तिथे आधी चौकातल्या काळ्या दगडाची वक्र रेघ पाहा, ती खाली सापडलेल्या रोमन खेळांच्या रिंगणाची कड. ती न पाहता कलादालनाच्या तळघरात गेलात तर चार मोडक्या भिंतींपलीकडे काही कळत नाही. व्हाइन स्ट्रीटला विद्यार्थी वसतिगृहाखाली रोमन तटबंदी आणि बुरुजाचा पाया आहे. लोअर थेम्स स्ट्रीटचं रोमन स्नानगृह मात्र हंगामात, शनिवारी, मार्गदर्शकाबरोबरच बघता येतं. म्हणून आधी त्याचं तिकीट काढा आणि बाकीचं त्याभोवती बसवा. शनिवार-रविवारी या भागात बरीच दुकानं बंद असतात, खाण्याची सोय बरोबर हवी.

म्हणून हेच उचलून पुण्याच्या कसब्यात लावा, असं मात्र म्हणता येत नाही. मंदिराचा खर्च एका बलाढ्य कंपनीने सोसला. दहा भाडेकरूंच्या वाड्याला उत्खननाचं बिल दिलं तर पुनर्विकास कायद्याविनाच मरेल. कायदा दिल्लीचा असला तरी खर्चाची बाजू इथे सुटू शकते: खणायचा खर्च पालिकेने उचलावा आणि सापडलेला भाग लोकांना खुला ठेवणाऱ्याला वाढीव चटईक्षेत्र द्यावं. एवढं हाती असेल, तरच १०० मीटरांची अट सैल करा म्हणून दिल्लीकडे मागण्यात अर्थ आहे.